सहा महिने झाले, आता खेळू का?

आजचा प्रश्न फिजिओच्या खोलीत नेहमीचाच: "एसीएलचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, आता उतरू का मैदानात?" विचारणारा पोरगा कबड्डीचा असतो, नाहीतर पोरगी फुटबॉलची. सोबत आई-बाबा, आणि निवड चाचणी अगदी तोंडावर.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना धरून ठेवणारा अस्थिबंध. पळता पळता झटकन वळलात, उडीनंतर पाय वाकडा पडला, की हा तुटू शकतो. मग सर्जन बहुतेक वेळा तुमच्याच शरीरातली दुसरी कंडरा काढून तिथे बसवतात. ती लगेच अस्थिबंधासारखी होत नाही, हळूहळू मुरते. गंमत अशी की दुखणं त्याच्या खूप आधी थांबतं. आणि दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं आपण धरून चालतो!

नॉर्वेच्या फिजिओथेरपिस्ट हेगे ग्रिन्डेम आणि अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या लिन स्नायडर-मॅक्लर यांच्या गटाने 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशन झालेल्या 106 जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. नऊ महिन्यांपर्यंत, खेळ जितके महिने पुढे ढकलला, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा दर साधारण 51 टक्क्यांनी घटला. नऊनंतर मात्र नुसतं थांबून जास्तीचा फायदा दिसला नाही.

पण नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. त्यांनी चाचण्याही घेतल्या: मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद, एका पायावरच्या चार प्रकारच्या उड्या आणि गुडघ्याबद्दलची प्रश्नावली. सगळ्यांत 90 टक्क्यांच्या वर हवं. यात नापास होऊनही उड्या-वळणांच्या खेळात परतलेल्यांपैकी 38.2 टक्के पुन्हा जखमी झाले. पास झालेल्यांपैकी 5.6 टक्के. पास झालेले होतेच थोडे, म्हणून आकडे अगदी दशांशापर्यंत घोकू नका. फरक केवढा आहे ते बघा.

आता हे 90 टक्के कशाचे? तर चांगल्या पायाचे. आणि इथेच मेख आहे. सहा महिने तुम्ही खेळला नाहीत, म्हणजे चांगला पायही बारीक झालेला असतो. दोन्ही पाय सारखेच कमजोर असले तरी कागदावर "समान" दिसतात. डेलावेअरच्याच गटाने 2017 मध्ये 70 रुग्णांत हे तपासलं. सहा महिन्यांनी दोन पायांची तुलना केली तर 40 जण पास. त्याच जखमी पायाची तुलना चांगल्या पायाच्या ऑपरेशनपूर्वीच्या ताकदीशी केली, तर फक्त 20!

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. ऑपरेशनआधी चांगला पाय कुणी मोजतच नाही. मशीन नसलं तरी एका पायावर किती लांब उडी जाते ते टेपने मोजता येतं, पण चांगल्याच पायावर, आणि डॉक्टर किंवा फिजिओला विचारून. उडीवरून स्नायूची सगळी कमजोरी कळत नाही हे खरं, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. तो आकडा तारखेसकट फाईलमध्ये लिहून ठेवा. चाचणीच्या दिवशी फिजिओला तोच दाखवायचा आहे.