लहान मैदान, थोडे खेळाडू

सुगी सरली, मळणी आटोपली, की आमच्या गोव्यातील शेतांना दुसरेच पीक येते. भाताचे खुंट अजून पायांना बोचत असतात. दोन चपला किंवा दोन करवंट्या ठेवून गोल आखला जातो, आणि हाती येतील तितकी मुले, कधी सहा तर कधी आठ, दोन पक्ष करून चेंडूमागे धावू लागतात. ना पंच, ना रेषा. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोली येथे हा खेळ गोव्यात आणला असे मानले जाते. तेव्हापासून किती पिढ्यांचे पहिले फुटबॉलशिक्षण या शेतांतच झाले असेल!

शाळेत मात्र आम्ही शिक्षक मंडळी त्याच मुलांना अकरा-अकरा असे उभे करून मोठ्या माणसांचा खेळ खेळायला लावतो. मी स्वतः मराठीचा शिक्षक; खेळाचा तास माझ्याकडे येतो तो बदली म्हणून. अशाच एका तासाला मी दोन पूर्ण संघ मैदानात उतरवले व स्वतःवर प्रसन्न होऊन शिटी वाजवत राहिलो. तास संपल्यावर डाव्या बगलेवर उभा केलेला सातवीतला एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, आज हांव खेळूंकच ना." आज मी खेळलोच नाही! अर्धा तास तो मैदानावर होता, हे मी शपथेवर सांगू शकलो असतो. पण तो खरेच बोलत होता.

विद्यार्थिमित्रहो, साधे गणित करून पाहू. चेंडू एक आणि खेळाडू बावीस. तीस मिनिटांचा खेळ सर्वांत सारखा वाटला तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही; आणि तो सारखा कधीच वाटला जात नाही, कारण वर्गातील चार धटिंगण तो आपसांतच वाटून घेतात. तेच खेळाडू चार विरुद्ध चार असतील, तर प्रत्येकाचा वाटा पावणेचार मिनिटांवर जातो, आणि लपायला जागा उरत नाही.

जागेचेही तसेच. १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद अशा मैदानावर बावीस जणांत प्रत्येकामागे सुमारे ३२५ चौरस मीटर जागा पडते. पंचवीस बाय अठरा मीटरच्या चौकात आठ जण खेळले, तर ती ५६ वर येते. प्रतिस्पर्धी सदैव दोन पावलांवर. चेंडू येण्यापूर्वीच मान वर करून पाहावे लागते, चेंडू पायाशी एका स्पर्शात वश करावा लागतो, आणि पास द्यायचा की चकवून पुढे जायचे हे तत्क्षणी ठरवावे लागते. हा निर्णय घेण्याचा सराव सुळक्यांच्या रांगेतून चेंडू फिरवून होत नाही. सुळका पाय घालत नाही.

चारच का? दोघांच्या संघात पास देण्यास एकच साथीदार असतो. तिघांत त्रिकोण होतो. चौघांत एक मागे, एक पुढे आणि दोन बाजूंना अशी रचना आपोआप उभी राहते, आणि मोठ्या खेळाचे बहुतेक सारे प्रश्न तेथे लहान रूपात भेटतात. नियम थोडा बदलला की शिकवणही बदलते. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन छोटे गोल ठेवा. एकीकडे गर्दी झाली की मुले स्वतःच दुसरीकडे वळू लागतात, कोणी ओरडून सांगावे लागत नाही. एक संघ दुबळा असेल तर एक 'जोकर' नेमावा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांच्या बाजूने त्याने खेळावे.

ही कल्पना नवी नव्हे. उरुग्वेतील मोंतेव्हिदेओ येथे १९३० मध्ये हुआन कार्लोस सेरियानी यांनी पाच-पाच खेळाडूंचा जो खेळ बसवला, तोच आजचा फुटसाल. पेले व रोनाल्डिन्हो बालपणी तो खेळत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाचांचे सामने ठरवले. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून अगदी लहानग्यांसाठी दोन-दोन वा तीन-तीन खेळाडूंचे, चार छोट्या गोलांचे सामने सक्तीचे झाले. तेथे अनेक चौक शेजारी शेजारी आखतात. जिंकलेला संघ एका चौकाने वर सरकतो, हरलेला खाली, आणि दोन-तीन फेऱ्यांत तुल्यबळांशी तुल्यबळ भिडू लागतात.

या पद्धतीने सारेच साधते, असे मात्र नव्हे. लांब पल्ल्याचा पास, ऑफसाइडची जाण, बगलेवरून उंच आलेल्या चेंडूचा अंदाज या गोष्टी मोठ्या मैदानावरच शिकाव्या लागतात. गोलरक्षकाची तर येथे उपेक्षाच होते, आणि भारताच्या संघाचे गोलरक्षण करणाऱ्या ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्यात ती कशी खपावी? त्याच्यासाठी वेगळा वेळ काढलाच पाहिजे. शिवाय या खेळात दमछाक फार होते. चार मिनिटे खेळ व दोन मिनिटे विसावा, हे प्रमाण मला बरे वाटले.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या साठ बाय चाळीस मीटरच्या मैदानावर चुन्याने चार चौक आखले व बत्तीस मुलांना आठ-आठ करून सोडले. आमचा डाव्या बगलेचा वीर पहिल्या डावात तीनदा चेंडू गमावून बसला, चौथ्यांदा त्याने तो राखला, आणि तास संपल्यावर माझ्याशी बोलायला त्याला सवडच झाली नाही. तो नळावर डोके धरून उभा होता. चार चौकांना चार चेंडू लागतात. शाळेकडे तीन आहेत, आणि त्यांतील एकात हवा टिकत नाही. ज्या घरी जुना चेंडू माळ्यावर पडून असेल, त्या पालकांनी तो मुलाबरोबर पाठवून द्यावा.