न भरणारी टाकी

आमच्या आळीतले तात्या एकदा मोठ्या कौतुकाने म्हणाले, "गुरुजी, आमच्या संडासाची टाकी लई नामी बांधलीय बघा. दहा वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही. भरतच नाही!"

आम्ही विचारले, "तात्या, घरात माणसं किती?"

"सात."

"सात माणसांचा दहा वर्षांचा मैला. मग तो गेला कुठं?"

तात्या गप्प झाले. टाकीपासून वीस हातांवर त्यांची विहीर होती. त्याच विहिरीचे पाणी घरातली सगळी माणसे पीत होती.

मंडळी, न भरणारी टाकी ही चांगली टाकी नव्हे. ती बहुधा गळकी टाकी असते.

चांगली टाकी कशी असते ते आधी पाहू. तिचा तळ आणि भिंती सिमेंटने पक्क्या केलेल्या असतात. आत मैला पडला की जड गाळ तळाशी बसतो. हलकी घाण वर तरंगते. दुधावर साय धरते, तशी तिची साय धरते. मधले पाणी नळीवाटे बाहेर शोषखड्ड्यात जाते. म्हणजे चांगली टाकी बाहेर जाणाऱ्या नळीपर्यंत नेहमी भरलेलीच असते. तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा लागतो.

टाकी गळते हे कसे ओळखावे? झाकण उघडून थोडा वेळ दूर उभे राहा. तोंड आत घालू नका. बिडी, काडी, कंदील जवळ आणू नका. मग लांब बांबू आत सोडा. पाणी नळीच्या बरेच खाली असेल, तर टाकी फुटली आहे किंवा तिला तळच घातलेला नाही. भर उन्हाळ्यात टाकीच्या कडेला जमीन ओली राहिली, तरी तीच शंका घ्यावी.

अशा गळतीने काय होते? घाण पाणी जमिनीतून वाट काढीत विहिरीला मिळते. पाणी दिसायला स्वच्छ असते, वासही येत नाही. पण त्यातून हगवण, पटकी, विषमज्वर आणि कावीळ पसरते. म्हणून शंका आली की ते पाणी पिणे बंद करावे. दुसरे पाणी मिळत नसेल, तर चांगले खळखळ उकळून प्यावे. ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना तपासायला पाठवावा. विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ते ठीकच आहे. पण गळती चालू राहिली, तर नुसती पावडर पुरी पडत नाही.

तात्यांना पटले. त्यांनी गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, "तासभर झाकण उघडं ठेवू. मग पोराला दोर बांधून आत उतरवू. भेगा बुजवून घेऊ."

तिथे आम्ही आडवे आलो. आम्ही सांगितले, "टाकी गळती तर गळू दे. पण पोर आत जाणार नाही."

बाबांनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मैल्याच्या टाकीत विषारी वायू साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू जास्त झाला की नाक बधिर होते आणि वासच कळत नाही. माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. एकामागून एक घरचीच माणसे जातात. आत जळणारा वायूही असतो. म्हणून कंदील सोडून पाहण्याची रीत इथे चालत नाही. दिवा विझला नाही तरी विष असू शकते, आणि दिव्याने भडका उडू शकतो.

2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून कोणाला मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कोणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका. 112 किंवा 108 या क्रमांकावर फोन करा.

मग दुरुस्ती कशी करावी? आधी मैला उपसणारी गाडी बोलवावी. ती नळी टाकून वरूनच सगळे ओढून घेते. मग बाहेरून खणून नळीचे सांधे पाहावेत. पुष्कळदा सांधाच निखळलेला असतो. तो बाहेरूनच बसवता येतो. पण भिंत किंवा तळ फुटला असेल, तर आत उतरून काम करावे लागते. ते साधने असलेल्या शिकल्या-सवरल्या कामगारांचेच काम. खेड्यात त्यापेक्षा जुनी टाकी मुरुमाने बुजवून नवी सोय करणे बरे.

नवी सोय दोन तऱ्हेची. जागा असेल तर दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा वापरायचा, दुसरा बंद ठेवायचा. पहिला भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. बंद खड्डा निदान दोन वर्षे तसाच ठेवला, की आत वास नसलेले कोरडे सोनखत तयार होते.

कोणी म्हणेल, "पण या खड्ड्यातूनही पाणी जमिनीत मुरतंच की!" खरे आहे. ते मुरावे म्हणूनच त्याच्या विटांत फटी ठेवतात. पण ते कुठे मुरावे हे आपण ठरवतो. म्हणून खड्डे विहिरीपासून निदान 50 फूट दूर हवेत. पावसाळ्यात जमिनीतले पाणी खड्ड्याच्या तळापर्यंत चढते, अशी जागा नको.

तेवढी जागा नसेल, तर तयार प्लास्टिकची टाकी मिळते. ती सिमेंटच्या पक्क्या तळावर बसवावी. भोवती माती भरताना टाकीतही पाणी भरत जावे. नाहीतर मातीच्या दाबाने ती चेपते, आणि पहिल्याच पावसात रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. तिच्यातून निघणारे पाणीही विहिरीकडे किंवा उघड्या गटारात सोडू नये.

तात्यांनी परसात, विहिरीपासून दूर, दोन खड्डे घेतले. जुनी टाकी उपसून बुजवली. पाणी तपासून चांगले ठरले, तेव्हाच घरच्यांनी विहिरीला पुन्हा पोहरा लावला.

परवा तात्या भेटले. म्हणाले, "गुरुजी, एक खड्डा भरत आलाय."

आम्ही म्हणालो, "छान झालं. भरायलाच हवा."

तुमची टाकी भरते काय? आज घरी गेल्यावर एवढे जरूर पाहा.