खान कोण होणार?

भाऊबीज झाली की भावाने ओवाळणी टाकावी, दोन चकल्या जास्त खाव्यात आणि आपल्या घरची वाट धरावी, असा शिरस्ता आहे. गेल्या वर्षी मात्र साजगावला ताईकडे गेलो तो पुढचा शनिवार-रविवार धरून अडकून पडलो. ताईच्या पडवीत लढाई जुंपायची होती आणि लढाईला एक खान कमी पडत होता!

खोपोलीलगतचे हे साजगाव पुष्कळांना ठाऊक असते ते बोंबल्या विठोबाच्या यात्रेमुळे. कार्तिकी एकादशीला ती यात्रा सुरू होते. एकीकडे घोंगड्या आणि दुसरीकडे सुक्या मासळीचे ढीग, असा तिचा थाट. यात्रेला अजून अवकाश होता. पण ताईच्या अंगणात त्याआधीच दहाबारा चपलांचे जोड पडले होते. भाच्याचे हे मित्रमंडळ मोठे मजेदार. एक बँकेतला, एक कारखान्यातला, दोघे कॉलेजातले, तर एक एस.टी.तून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळ्यांना एकच वेड: इतिहासातल्या लढाया चिमुकल्या सैनिकांनिशी पुन्हा लढायच्या.

पडवीत सहा फूट लांब आणि चार फूट रुंद फळी मांडली होती. विटा आणि गोणपाट यांचा सह्याद्री, त्यावर लाल मातीचा लेप, उतारावर उगवलेल्या हळिवाचे जंगल. आपल्या दिवाळीच्या किल्ल्याचेच हे वाढलेले भावंड, हे पाहताक्षणी कळले. फरक एवढाच, की आमच्या किल्ल्यावर पहारेकरी बुरुजापेक्षा उंच असे आणि गवळण तोफेहून मोठी. इथे प्रत्येक शिपाई बोटाच्या पेराएवढा, आणि एक शिपाई म्हणजे शंभर माणसे असा हिशेब.

“मोगल कुठून आणलेत?” मी विचारले. कारण आमच्या लहानपणी बाजारात मावळे मिळत, महाराज मिळत, पण शत्रू काही कुणी विकत नसे.

“मावळ्यांनाच लांब अंगरखे रंगवले, सर,” एस.टी.वाले म्हणाले.

हे वेड काही आजचे नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर मांडणारे चतुरंग आपल्याकडचेच. पुढे प्रशियात रायस्विट्झ नावाच्या पितापुत्रांनी त्याला लष्करी शिस्त लावली. पित्याने १८१२ च्या सुमारास राजाला खेळाचे टेबल करून दिले. पुत्राने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच असलेले नियम छापले, आणि प्रशियाचे लष्करी अधिकारी त्यावर शिकू लागले. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून घरच्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई लढवले आणि खरे महायुद्ध ही केवढी घोडचूक ठरेल, हेही त्यातच सांगून ठेवले. दुसऱ्याच वर्षी ते महायुद्ध पेटले.

आमच्या फळीवर होती उंबरखिंड. साल १६६१, महिना फेब्रुवारी. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानाने उत्तर कोकण काबीज करायला कारतलबखानाला पाठवले. बरोबर रायबागन ही माहूरकडच्या सरदार घराण्यातली पराक्रमी स्त्री. लोहगडाच्या बाजूने येऊन, कुरवंड्याचा घाट उतरून ही फौज खिंडीत शिरली आणि महाराजांनी तिला दोन्ही तोंडांनी कोंडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आला आहे. मी तो वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो आहे.

पण खान व्हायला कुणी तयार होईना. प्रत्येकाला महाराजांच्या बाजूला उभे राहायचे! शेवटी भाचा म्हणाला, “मामा, तूच हो. तुला गोष्ट पाठ आहे.” शाळेत जाणारी भाची मात्र आपणहून पुढे आली. “मी रायबागन.”

गोष्ट पाठ होती म्हणून मी पहिल्याच डावाला शहाणपणा केला. म्हटले, मी खिंडीत उतरतच नाही, परत फिरतो. पंच झालेल्या एस.टी.वाल्यांनी शांतपणे एक चिठ्ठी पुढे सरकवली: ‘शाहिस्तेखानाचा हुकूम. कोकण घेतल्याशिवाय तोंड दाखवू नये.’ परतलो तर निम्मे गुण गेले. झाले! उतरलो.

या खेळाची मेख अशी, की मावळे फळीवर नव्हतेच. ते कुठे दबा धरून आहेत हे पंचांच्या वहीत. मला दिसत होते फक्त हळिवाचे रान. वाट इतकी अरुंद की दोन शिपायांपलीकडे तिसरा शेजारी मावेना. तोफा मध्येच अडकल्या. चौथ्या डावाला पंच म्हणाले, “सर, पुढे दगड कोसळले. फासा टाका.” फासा पडला एक. आघाडी गेली. मागे वळावे तर मागेही मावळे. त्यात नियम असा, की पाणी नाही म्हणून दर तीन डावांना एक शिपाई उचलायचा.

“मामा, शरण जा,” भाची म्हणाली.

“थांब गं, आता फासा चांगला पडेल.”

“आणखी माणसं कशाला मारतोस?”

मी ऐकले नाही. पराभव कबूल करायची लाज वाटली, दुसरे काय? त्या हट्टापायी आणखी तीन डाव खेळलो आणि अकरा शिपाई गमावले. अकरा म्हणजे अकराशे माणसे. डबीत आडवे पडलेले ते अंगरखेवाले पाहून घसा खरोखरच कोरडा पडला. ‘शिवभारता’तही खानाला शरण जाण्याचा सल्ला देते ती रायबागनच. हे वाक्य मी किती वेळा शिकवले असेल! पण ते सांगताना तिच्या शेजारी उभे राहून कधी ऐकले नव्हते.

मी अभयदान मागितले. तिकडे बँकवाले उसळले, “एकालाही सोडू नका!” भाचा मात्र बराच वेळ फळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “नाही. कोंडलेला माणूस जिवावर उदार होतो. आपलीही माणसं जातील. सामान ठेवा आणि जा.” महाराजांनी नेमके हेच केले होते. सारा सरंजाम घेतला आणि फौजेला जिवंत वाट दिली. त्या निर्णयाची किंमत मला पहिल्यांदाच कळली, कारण त्यावर माझे उरलेले शिपाई अवलंबून होते.

रविवारी सकाळी सगळे चावणीला गेलो. अंबा नदीच्या पात्रालगत तिथे लढाईचे स्मारक आहे. वर नागफणीचे टोक, खाली दाट रान, पावसाळा सरल्यामुळे पाणी अजून खळखळत होते. मी वाटेवर उभा राहून वर पाहिले. झाडांखेरीज काही दिसेना. कॉलेजातली दोन मुले मुद्दाम पुढे जाऊन लपली होती. वीस पावलांवरून त्यांनी हाक मारली तेव्हा मी दचकलो.

परतल्यावर शिपाई कापसात गुंडाळून खोक्यात ठेवताना पुढच्या खेपेची वाटणी सुरू झाली. भाचा म्हणाला, “मामा, या वेळी तू महाराजांकडून खेळ.”

मी म्हटले, “नको, खान मीच. पण रायबागन हीच हवी. या वेळी ऐकेन म्हणतो.”

भाचीने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि खोक्यावर झाकण लावले.