सही रे सही... की नाही?

प्रॉक्सी मारणाऱ्या मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अटेंडन्स शीटवर मित्राची सही बघून बघून काढली, सगळी वळणं बरोब्बर आली, तरी सर पकडतातच! कारण ती सही 'केलेली' नसते, 'काढलेली' असते. मोठ्या लोकांचे ऑटोग्राफ तपासण्यामागचा मेन फंडा हाच आहे.

आपण अक्षरांचा आकार बघतो, पण जाणकार माणूस आधी वेग बघतो. रोज ढीगभर सह्या करणाऱ्याचा हात मध्ये थांबत नाही. पेन टेकायच्या आधीच हात हलायला लागलेला असतो आणि उचलतानाही हलतच असतो, म्हणून रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा बिचारा हळू जातो. मग रेघेत बारीक थरथर येते, वळणावर पेन अडखळतं, तिथे शाई जमते आणि शेवट बोथट होतो. साध्या दहापट भिंगातून हे दिसतं. छापील फोटोतली सही असेल तर त्याच भिंगाखाली ती ठिपक्यांची बनलेली दिसते. (आपल्यापैकी निम्म्यांच्या लहानपणच्या बॅटवर सचिनची सही होती. तीही छापीलच बरं का!)

आता खरी गंमत. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की माल अस्सल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. कुठलाही माणूस दोनदा हुबेहूब सेम सही करत नाही. एकावर एक ठेवून उजेडात धरल्यावर दोन्ही अगदी चपखल बसल्या, तर तिथे ट्रेसिंग तरी आहे नाहीतर मशीन. या मशीनला ऑटोपेन म्हणतात. त्याच्या यांत्रिक हातात खरं पेन अडकवायचं आणि सहीचा साचा लावायचा, की ते हव्या तितक्या सह्या करून देतं. मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असं काम आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या कितीतरी पत्रांवर अशाच सह्या आहेत.

२०२२ मध्ये बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'स्वहस्ते सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. सोबत प्रकाशकाचं प्रमाणपत्रही होतं. घेणाऱ्यांनी आपापल्या सह्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि भांडं फुटलं, सह्या सारख्याच होत्या. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले, डिलनने माफी मागितली. म्हणजे सर्टिफिकेट बघून भुलायचं नाही. सही बनवणाऱ्याला सर्टिफिकेट बनवायला कितीसा वेळ लागतो?

वस्तूचं वयही बघावं. शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ साली, बेसबॉलवाला बेब रूथ वारला १९४८ साली. शार्पीने केलेली रूथची सही कुणी दाखवली तर पुढे बोलायचं कारणच नाही.

सगळ्यात अवघड केस बीटल्सची. नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे दौऱ्यावरचे सोबती चाहत्यांसाठी चौघांच्याही सह्या ठोकून द्यायचे. काळ खरा, पेन खरं, हातही सरावलेला, त्यामुळे थरथर वगैरे काही नाही. इथे भिंग हात टेकतं. मग त्याच वर्षांतल्या खात्रीच्या सह्या जमवायच्या आणि अक्षरं कुठे जोडलीत, पेन कुठे उचललंय, हे एकेक करून ताडून बघायचं. वर्षं तीच हवीत, कारण माणसाची सही वयाबरोबर बदलते.

विंगमध्ये सध्या एका 'साइन्ड' जर्सीसाठी वर्गणी चालू आहे असं ऐकतो. रक्कम मेसच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढी आहे म्हणे. पैसे पाठवण्याआधी त्याच विक्रेत्याकडच्या बाकीच्या जर्सींचे फोटो मागवा आणि सह्या एकमेकींवर ठेवून बघा. चपखल बसल्या, तर ते पैसे सरळ मेसवाल्या काकांना देऊन टाका.