बिघडलेला लॅपटॉप : दुरुस्तीआधी नोंदी

कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री, दर रात्री ८ पतंग सापडले, की कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. हा निर्णय रोजच्या नोंदींवर उभा असतो आणि त्या बहुधा एकाच लॅपटॉपमध्ये असतात. गेलेली रात्र पुन्हा मोजता येत नाही.

पडदा काळा राहिला म्हणजे नोंदी गेल्या असे नव्हे. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. डिस्कच रेंगाळत असेल, फाईली उघडताना अडत असतील, तर मात्र दुरुस्तीचा मोह आवरावा. त्रुटी-तपासणी किंवा विंडोज नव्याने टाकणे नंतर. आधी महत्त्वाच्या फाईली बाह्य डिस्कवर उतरवाव्यात. टकटक आवाज येत असल्यास तेही करू नये. हार्ड डिस्कमधील वाचनशीर्ष फिरत्या तबकडीला घासत असेल, तर यंत्र जितका वेळ चालेल तितकी माहिती खरवडली जाते. लॅपटॉप तत्काळ बंद करून जाणकाराकडे सोपवावा. एसएसडी आवाज करीत नाही. ती पूर्वसूचनेविनाही बंद पडते.

विंडोज सुरू होत नसल्यास लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून फाईली अनेकदा काढता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेली असणे हा प्रकार दुर्मीळ नाही!

नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. प्रत उघडून पाहिल्याखेरीज सापळ्यांची कागदी वही रद्दीत देऊ नये.