नसबंदीनंतरचा कुत्रा: हात आवरा, लक्ष वाढवा

आमगावसारख्या तालुक्याच्या गावात कुत्रा घरचाही असतो आणि गल्लीचाही. दुपारी तो ओसरीवर पडून असतो, रात्री राइस मिलच्या आवारापासून बांधीच्या धुऱ्यापर्यंत त्याची फेरी असते. अशा कुत्र्याची नसबंदी करून आणली की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, “जनावर आहे, आपोआप बरं होईल.” दुसरं हळदीचा डबा शोधायला लागतं. पहिल्या मतामुळे जेवढं बिघडतं, तेवढंच दुसऱ्यामुळेही बिघडतं.

ऑपरेशन थोड्या वेळात उरकतं. वरची जखम भरायला मात्र साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ते दिवस घरच्यांच्या हाती असतात. त्या दिवसांत करायचं फार थोडं असतं. करायचं नाही अशा गोष्टींची यादीच मोठी आहे.

गैरसमज: नसबंदी म्हणजे नळी बांधणं. छोटंसं काम, त्याला कसली काळजी?

वस्तुस्थिती: माणसाच्या नसबंदीत नळी बंद करतात, अवयव जागच्या जागी राहतात. कुत्र्यात सहसा तसं करत नाहीत. नराचे दोन्ही वृषण काढून टाकतात. मादीचं पोट उघडून अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. म्हणजे मादीचं ऑपरेशन हे पोटाचं मोठं ऑपरेशन असतं. बाहेर दोन-तीन बोटांची चीर दिसते, पण आत स्नायूंनाही टाके असतात. उडी मारल्यावर ताण पडतो तो त्या आतल्या टाक्यांवर. नराची जखम लहान आणि वरवरची असते. पण ती त्याच्या जिभेच्या अगदी टप्प्यात असते, त्यामुळे त्याच्यावरही तेवढीच नजर ठेवावी लागते.

गैरसमज: ऑपरेशनच्या दिवशी भरपूर खाऊ घालावं, अंगात ताकद राहते.

वस्तुस्थिती: भूल दिल्यावर गिळण्याचं भान राहत नाही. पोट भरलेलं असेल तर उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. यात जीवही जातो. म्हणून मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्रीनंतर अन्न देत नाहीत. पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतात. लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्याची वेळ वेगळी विचारून घ्यावी. गल्लीतला कुत्रा असेल तर त्याला रात्री बांधून किंवा कोंडून ठेवावंच लागतं, नाहीतर तो कुठल्यातरी उकिरड्यावर जेवून येतो.

गैरसमज: दवाखान्यातून निघाला म्हणजे भूल उतरली.

वस्तुस्थिती: उभा राहिला तरी तो पूर्ण शुद्धीवर असेलच असं नाही. गुंगी, झोकांड्या, कण्हणं, थरथर हे सगळं त्या दिवशी आणि कधी दुसऱ्या सकाळपर्यंत चालतं. गोंदियाहून किंवा नागपूरहून ऑपरेशन करून आणत असाल तर पोत्यात घालून दुचाकीवर दोघांच्या मध्ये कोंबू नका. गाडीत एका कुशीवर, मान सरळ ठेवून निजवा. चावेल या भीतीने तोंड करकचून बांधू नका, कारण गुंगीत उलटी झाली तर ती बाहेर पडायला वाट हवी.

घरी आल्यावर जिना, विहीर, पाण्याची टाकी, रस्ता यांपासून त्याला दूर ठेवा. भुलेमुळे शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद काही काळ मंदावते. हिवाळ्यात तो कुडकुडतो, त्याला चादर पांघरा. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका, कारण गुंगीत असताना चटका बसला तरी तो हलत नाही. मे महिन्यात विदर्भातला पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा धोका उलट असतो. टिनाच्या छपराखाली त्याला ठेवूच नका.

गैरसमज: तनसाचा बिछाना ऊबदार, तोच बरा.

वस्तुस्थिती: धानाच्या पट्ट्यात तनस, म्हणजे धानाचा पेंढा, घरोघरी असतं आणि कुत्र्यालाही त्यात लोळायची सवय असते. पण तनसाची कुसं ताज्या जखमेत शिरतात, धूळ चिकटते आणि गोचिडांनाही लपायला जागा मिळते. जुनी धुतलेली सुती साडी किंवा चादर अंथरा आणि ती रोज बदला. जागा कोरडी हवी. कोठ्यात गाईम्हशींजवळ नको, तिथे शेण, मूत आणि माश्या असतात.

गैरसमज: चाटू द्या, कुत्र्याच्या लाळेत औषध असतं.

वस्तुस्थिती: टाके उसवण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. लाळेत जंतू मारणारे काही घटक आहेत हे खरं, पण त्याच तोंडात असंख्य जंतूही असतात. खरखरीत जीभ आणि पुढचे दात मिळून काही मिनिटांत टाका ओढून काढतात. मादीच्या पोटाचे सगळे थर उघडले तर आतडं बाहेर येऊ शकतं.

म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालतात. तिची कड नाकाच्या टोकापुढे गेली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग नाही. बाजारात मिळाली नाही तर जाड पुठ्ठ्याची करता येते. मादीला जुना टी-शर्ट घालून पाठीवर गाठ मारली तरी पोट झाकलं जातं, मात्र तो ओला झाला की बदलायचा. पहिला दिवस कुत्रा भिंतींना धडकतो, रुसून बसतो. दया येऊन रात्री कॉलर काढणारी घरं पुष्कळ असतात, आणि रात्रीच तो निवांत चाटत बसतो. जेवताना समोर बसून काढा आणि लगेच परत घाला.

गैरसमज: हळद, खोबरेल तेल, राख, डेटॉल, फिनाईल, यातलं काहीतरी लावल्याशिवाय जखम भरत नाही.

वस्तुस्थिती: टाक्यांनी बंद केलेली स्वच्छ जखम आपणहून भरते. तिला कोरडेपणा आणि शांतता हवी. तेलाने धूळ चिकटते आणि कडा मऊ पडतात. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, शिवाय तिच्या थराखाली जखम लाल झाली आहे की पिकली आहे हे दिसतच नाही. राखेचंही तेच. फिनाईल फरशीच्या कामाचं, आणि डेटॉलही कुत्र्याच्या जखमेसाठी नाही. त्यांनी कातडी भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जातं. डॉक्टरांनी पोव्हिडोन आयोडीन किंवा दुसरं औषध लिहून दिलं असेल तर तेवढंच, सांगितलं तितक्या वेळा लावा.

खरी भीती आहे माश्यांची. रोवणीच्या दिवसांत ओल, चिखल आणि माश्या एकदमच येतात. माशीने जखमेवर अंडी घातली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. जनावरांच्या जखमेवर मारायचे माशी-रोधक फवारे मिळतात. टाक्यांच्या आजूबाजूला कोणता आणि कसा वापरायचा हे आधीच विचारून ठेवा. अळ्या दिसल्याच तर पेट्रोल किंवा फिनाईल ओतू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गैरसमज: पावसाळ्यात नसबंदी करूच नये.

वस्तुस्थिती: ऑपरेशन बाराही महिने करता येतं. पावसाळ्यात अट एकच, दोन आठवडे कोरडी, बंद जागा हवी. ती देता येत नसेल तर पाऊस सरेपर्यंत थांबलेलं बरं. ऋतू कोणताही असो, टाके निघेपर्यंत आंघोळ नाही आणि तळ्या-बोडीत डुंबणं तर नाहीच. अंगाला चिखल लागला तर जखम सोडून बाकीचं अंग ओल्या फडक्याने पुसा.

गैरसमज: कण्हत असेल तर आपलीच दुखण्याची गोळी अर्धी करून द्यावी.

वस्तुस्थिती: हे सर्वांत महागात पडतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलने यकृताला आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठी वापर भारतात २००६ मध्ये बंद झाला तो गिधाडांमुळे. हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. माणसांच्या मेडिकलमध्ये मात्र ते आजही सहज मिळतं. कुत्र्यासाठी मेलोक्सिकॅमसारखी औषधं आहेत. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

याची दुसरी बाजू: कुत्रा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असंही नाही. कोपऱ्यात तोंड करून बसणं, पाठ वाकवून चालणं, हात लावताच अंग चोरणं, खाणं सोडणं ही दुखण्याचीच भाषा. वेदनाशामक लिहून दिलं असेल तर “शांत आहे” म्हणून ते मध्येच बंद करू नका.

गैरसमज: नाक कोरडं म्हणजे ताप.

वस्तुस्थिती: झोपेतून उठलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. ताप कळतो तो गुदद्वारात थर्मामीटर ठेवूनच. कुत्र्याचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०३ च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना कळवा.

गैरसमज: अशक्तपणा आला, दूध आणि मटणाचा रस्सा द्या.

वस्तुस्थिती: पहिल्या संध्याकाळी पूर्ण शुद्ध आल्यावर थोडं पाणी आणि नेहमीच्या निम्म्याहून कमी जेवण पुरतं. मऊ भात किंवा पेज, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर बिनमसाल्याची, हाडं काढलेली कोंबडी. दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते. रश्शातला कांदा-लसूण त्यांच्या रक्तपेशींना घातक असतो. एखादी उलटी किंवा एक वेळचं न खाणं चालतं. दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर विचारा.

गैरसमज: नराची पिशवी अजून दिसते, सुजली आहे, म्हणजे ऑपरेशन फसलं.

वस्तुस्थिती: वृषण काढले तरी बाहेरची कातडी बहुधा ठेवतात. ती दोन-तीन दिवस थोडी सुजते आणि पुढे आक्रसते. सूज रोज वाढत असेल, निळी-काळी पडत असेल किंवा घट्ट गोळा झाला असेल तर आत रक्त साचतं आहे. तेव्हा थांबू नका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. नराच्या नळीत आधीचे शुक्राणू काही काळ शिल्लक असतात, त्यामुळे महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा. तसाही त्याला या दिवसांत मोकळं सोडायचं नाही. साखळी धरून शी-शूपुरतं न्यायचं आणि परत आणायचं.

गैरसमज: टाके निघाले, काम संपलं.

वस्तुस्थिती: टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे घरी नेतानाच विचारून घ्या. काढायचे असतील तर बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवशी. त्यानंतर दोन कामं उरतात.

पहिलं ताटाचं. नसबंदीनंतर शरीराची अन्नाची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. पूर्वीइतकाच भात वाढत राहिलात तर वर्षभरात कुत्रा गोल होतो, आणि लोक बोट दाखवतात ऑपरेशनकडे. साधारण पाचवा हिस्सा कमी करून पाहा आणि फिरणं चालू ठेवा. नसबंदीने तो राखण सोडेल ही भीतीही नको. अनोळखी माणसावर भुंकायला वृषण लागत नाहीत.

दुसरं लसीचं. नसबंदीने रेबीज टळत नाही. त्याची लस वेगळी आणि ती वेळच्या वेळी द्यावीच लागते. ६ जुलैच्या जागतिक प्राणिजन्य आजार दिनाला आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला अनेक सरकारी पशुदवाखान्यांत ती मोफत टोचतात. शुश्रूषा करताना कुत्रा चावला, तर तो घरचा असला तरी जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्या.

हे दिसलं तर वाट पाहू नका

हिरड्या पांढऱ्या पडणं. जखमेतून थेंब-थेंब रक्त न थांबणं. पोट फुगत जाणं. पू किंवा घाण वास. टाक्यांमधून फट किंवा गुलाबी मांस दिसणं. पुन्हा पुन्हा उलट्या. दिवसभर लघवी न होणं. पहिल्या दिवसानंतरही गुंगी न उतरणं. यातलं एकही दिसलं तर शेजाऱ्याचा उपाय बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

यातलं काही नसेल, तर सकाळ-संध्याकाळ उजेडात दोन मिनिटं जखम बघा. रोज एकाच कोनातून मोबाइलवर फोटो काढलात तर आजची सूज कालच्यापेक्षा कमी की जास्त हा वाद घरात होणार नाही, आणि गाडी करून निघण्याआधी तोच फोटो डॉक्टरांना पाठवता येईल.