केळीच्या गुणसूत्रांत झोपलेला विषाणू

'केळ्यात विषाणू असतो म्हणे, मग जुलाब लागलेल्या मुलाला द्यावे का?' दिघोरीतल्या आयांना उत्तर एकच: खुशाल द्या, मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर. उपाशी मात्र ठेवू नका.

तरी या ऐकीव गोष्टीत तथ्य आहे. वसईची सुकेळी जिच्यापासून होते ती राजेळी दोन रानकेळींच्या संकरातून आली. त्यांपैकी 'बालबिसियाना' या पूर्वजाच्या गुणसूत्रांत पानांवर पट्टे पाडणाऱ्या एका विषाणूचा डीएनए कायमचा गुंतलेला आढळतो. शास्त्रज्ञांनी 1999 साली हे दाखवून दिले. एरवी तो निपचित असतो. पाण्याचा ताण पडला, नवा संकर केला किंवा टिश्यू कल्चरने रोपे केली की कधीकधी जागा होतो. मग पानांवर पिवळे, पुढे काळपट पट्टे उमटतात. कांजिण्यांचा विषाणू शरीरात दडून वर्षांनी नागीण होऊन उठतो, तसेच काहीसे; फक्त नागीण वारशाने येत नाही, हा येतो. जळगावच्या ग्रँड नैनमध्ये बालबिसियानाचा वंश नाही.

माणसाला हा विषाणू लागत नाही. आणि आपल्याही डीएनएचा सुमारे 8 टक्के भाग जुन्या विषाणूंचाच अवशेष आहे! केळे जपून खायचे ते मूत्रपिंड निकामी झालेल्यांनी, त्यातल्या पोटॅशियममुळे. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.